नुकसानीचं पान

सर वाळू चाखायचे. ट्रक साइटवर येऊन थांबला की ड्रायव्हरने फाळका उघडायच्या आत हे मागून वर चढलेले असायचे. मधोमध हात खुपसून चिमूटभर वाळू काढायची, जिभेवर ठेवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि थुंकायची. खारट लागली तर ट्रक परत. खाडीची वाळू काँक्रीटमध्ये गेली की आतलं लोखंड गंजतं, हे बांधकामातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवतात, जीभ लावत नाहीत. मी तसं एकदा म्हटलं. "रिपोर्ट आठ दिवसांनी येतो," सर म्हणाले, "तोवर वाळू भिंतीत गेलेली असते." रेवदंड्यापासून मुरूडपर्यंतचे ट्रकवाले त्यांना 'चाखणारे साहेब' म्हणायचे. एकाने विचारलंही होतं, "साहेब, येताना लिंबू आनू का?" सरांनी विचार करून उत्तर दिलं, "नको. चव बदलेल."

अलिबागला त्यांच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काढली. खताच्या गोदामावरच्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच माणसं. मी डिप्लोमा सिव्हिल. सरांनी घर कागदावर काढायचं, मी ते जमिनीवर उभं करायचं आणि मधल्या काळात ऑफिस बंद पडू द्यायचं नाही, अशी कामाची वाटणी होती. ती कोणी ठरवली नव्हती. पहिल्या महिन्यातच ती तशी होऊन बसली.

सर खुर्चीत बसायचे नाहीत. त्यांचं टेबल छातीएवढं उंच होतं आणि ते उभ्याने काढायचे. मीटिंग चालू असताना माणूस बोलता बोलता उठायचा आणि खिडकीच्या बिजागऱ्या हलवून बघायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, याचं लक्ष नाही. लक्ष असायचं. पाच मिनिटांनी खिडकीकडे तोंड करूनच विचारायचे, "मघाशी तुम्ही तीन बाथरूम म्हणालात. घरात माणसं दोन आहेत ना?"

ऑफिसात एका शब्दाला बंदी होती. पर्यावरणपूरक. तो कोणाच्या तोंडून निघाला की सर पेन खाली ठेवायचे. "इमारत कशालाही पूरक नसते. झाड असतं. आपण ते तोडतो आणि तिथं इमारत ठेवतो. फार तर कमी वाईट ठेवतो." मी एकदा ऑफिसची कार्डं छापायला टाकताना 'पर्यावरणपूरक वास्तुरचना' असं लिहून पाठवलं. सरांनी प्रूफ मागवलं, तेवढं खोडलं आणि खाली लिहिलं, 'कमी नुकसानीची घरं'. छापखानेवाल्याने मला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, हे तुमच्यावर कोणी रागाने तर लिहिलेलं नाही ना?"

आणि ते पान. प्रत्येक घराच्या नकाशांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर एक फुलस्केप असायचा, सरांच्या हातचा. ऑफिसात आम्ही त्याला नुकसानीचं पान म्हणायचो. या घरासाठी कोणती झाडं जाणार, किती माती हलणार, दगड कुठून येणार, शेजारच्या विहिरीवर काय परिणाम होणार, सगळं त्यावर असायचं. शेवटी अशी काहीतरी ओळ असायची, 'एवढं करूनही मे महिन्यात दुपारी माडीवर गरम होईल. पंखा लागेल.' इतर ऑफिसांतून लोकांना हिरव्या झाडांमधलं रंगीत चित्र मिळतं. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या हातात हे पडायचं. काही हसायचे, काही नमस्कार करून निघून जायचे. जे थांबायचे त्यांच्या घरी सर दर वर्षी जायचे आणि पानावर नव्या ओळी लिहून यायचे. आसामातून बांबू ट्रकने आणून त्याला नैसर्गिक घर म्हणणाऱ्यांबद्दल ते काही वाईट बोलत नसत. फक्त विचारत, "ट्रक किती किलोमीटर आला?"

काशीदला एका मुंबईकर गृहस्थांना बंगला हवा होता. टेकडीच्या उतारावर प्लॉट, समोर समुद्र. त्यांना ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट हवं होतं, सौर ऊर्जा हवी होती आणि पोहण्याचा तलावही हवा होता. सर प्लॉटभर दोन तास फिरले. मग म्हणाले, "तुम्ही वर्षातून किती दिवस इथं राहणार?"

"वीसेक दिवस. फार तर महिना."

"मग काशीदमध्ये खोल्या भाड्याने मिळतात. चांगल्या असतात. सगळ्यांत कमी वाईट घर म्हणजे न बांधलेलं."

गृहस्थ सभ्य होते. हसून म्हणाले, "अहो, असं सांगून तुम्ही खाता काय?"

"हा प्रश्न आमच्या मॅडम रोज विचारतात," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर माझ्याकडे आहे. परतीच्या रस्त्यावर मी गाडीत एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही. ते रस्त्याकडेच्या कुंपणांचे, गडग्यांचे दगड बघत होते.

नवं काम आलं की मे महिन्यात आख्ख्या ऑफिसने त्या जागेवर दुपारी बारा ते चार बसायचं, हाही नियमच. त्याशिवाय पहिली रेघ नाही. पहिल्या वर्षी मी छत्री घेऊन गेले. बाकीचे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, "छत्री चालेल. पण किती वाजता उघडावीशी वाटली ते लिहून ठेवा." मी लिहिलं. सव्वा बारा. ते घर बांधलं तेव्हा सगळ्या बाजूंनी चार फूट पडवी आली, ती माझ्या सव्वा बारामुळे. हे मला आवडलं होतं, कबूल करते.

आता ते इथे नाहीत. ऑफिस माझ्या हवाली करून रत्नागिरीकडे एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला गेले. तिथंही वर्षभरच टिकले. मध्येच फोन येतो. "चौलच्या त्या घरात आत्ता आतलं तापमान किती आहे?" मी सांगते, सर, मी बँकेत रांगेत आहे. "मग रांग संपली की जा," म्हणतात आणि ठेवतात. कोणी त्यांच्याबद्दल विचारलं की मी वाळूचं सांगते, काशीदचं सांगते, लोक हसतात. दिवेआगरचं सांगत नाही, कारण त्यात मी आहे.

वादळानंतर दिवेआगरला वाड्याच्या वाड्या झोपल्या होत्या. शोभावहिनींच्या वाडीतली सुपारी गेली, माडही बरेच गेले. नवरा मुंबईत कंपनीत, महिन्यातून दोनदा यायचा. वाडी वहिनीच बघायच्या. नवी सुपारी लावून ती हाती लागायला जी वर्षं जातात तेवढी वाट बघणं शक्य नव्हतं. त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायचं ठरवलं. कोणीतरी त्यांना आमचं नाव सांगितलं. सर गेले आणि आडव्या पडलेल्या माडांकडे बघत वाडीत फिरत राहिले. नवं लाकूड तोडायचंच नाही, पडवीचे खांब याच माडांचे करायचे, हे त्यांनी चहा येण्याआधी ठरवलं.

दिघीला होड्या बांधणारे दाऊदचाचा म्हणून सुतार होते. सरांनी त्यांना आणलं. चाचांनी हातोडीने ठोकून ठोकून दर चारांतले तीन माड नापास केले. जुन्या माडाचा खालचा, बाहेरचा भागच टणक असतो, बाकी भुसकट. निवडलेले आठ खांब बघून ते सरांना म्हणाले, "साब, लाकूड दर्यात बुडालेलं असूंदे, चालतंय. सुकं असूंदे, चालतंय. सकाळी भिजलं, दुपारी सुकलं, रोजचं रोज, ते नाय चालत." म्हणून प्रत्येक खांबाखाली जांभ्या दगडाची वीतभर उंच बैठक घातली. पडवीची जमीन मातीची, सारवलेली. पाणी खाली राहणार, खांब वर. मातीच्या भिंती, वर कौलं. खोल्या छान झाल्या. पाहुणे त्या खांबांना टेकून फोटो काढायचे. दोन हंगामांत वहिनींनी घर सावरलं. दिवाळी ते जानेवारी खोल्या भरलेल्या असायच्या आणि त्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनींचा फोन आला. मी पोयनाडला स्लॅबवर उभी होते, मिक्सर चालू होता.

"ताई, पडवीत माती हाय ना, पावनी पाय भरवून आत येतात. चादरी बघवत न्हाईत. फरशी घालू का?"

"घाला, काय होतंय," मी म्हणाले.

सरांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे ते सांगण्यासारखं आहे, असंच मला वाटलं नाही. फरशी घालायची तर खाली भराव टाकावा लागतो. भराव टाकला की जमीन वर येते. जमीन वर आली की वीतभर बैठक त्यात गडप होते. बांधकामात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे सांगावं लागू नये. फरशी छान पांढरी बसली आणि वहिनी ती रोज सकाळी बादलीभर पाण्याने धुवायला लागल्या.

त्यानंतर वर्षभराने ऑक्टोबरात मी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले होते. तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी पिठासारखा बारीक भुसा दिसला. मी गाडीची चावी टोचून बघितली. ती सहज आत गेली, लोण्यात जावी तशी. वर बघितलं तर वहिनी केरसुणी घेऊन उभ्या.

"पडतो कधी कधी," त्या म्हणाल्या.

"पडतो," मी म्हणाले.

वहिनींनी भुसा झाडून घेतला, मी चावी पुसून पर्समध्ये टाकली.

मी गप्प का बसले, ते सांगते. दिवाळी तोंडावर होती आणि वहिनींच्या खोल्या जानेवारीपर्यंत भरल्या होत्या. शिवाय मी एक उद्योग करून ठेवला होता. मुंबईची एक संस्था किनाऱ्यावरच्या चांगल्या निवासांना पुरस्कार देणार होती. आमच्याकडे त्या वर्षी कामं नव्हती, म्हणून मी सरांना न विचारता वहिनींच्या खोल्यांचा अर्ज भरला होता. समिती पंधरा दिवसांनी बघायला येणार होती. आणि तिसरं कारण म्हणजे ती फरशी. मी हिशोब केला: पाऊस संपलाय, वारा नाही, आठांतला एक खांब. शेजारच्या गड्याकडून त्याला एक टेकू लावून घेतला आणि टेकूपुढे जास्वंदीची कुंडी ठेवली. फेब्रुवारीत चाचांना आणून गुपचूप बदलू. बाकीचे सात खांब मी तपासले नाहीत. तपासले असते तर कळलं असतं.

ते पंधरा दिवस मी कुठल्याच कामात नव्हते. मोबाइलवर हवामान बघायचं, बंद करायचं, परत उघडायचं. काहीतरी कारण काढून वहिनींना फोन करायचा आणि शेवटी विचारायचं, वारा कसा आहे.

"वारा?" वहिनी म्हणाल्या. "ताई, आज चवथ्यांदा इचारताय. हाय तसाच हाय वारा."

अर्जाचं सरांना कळलंच. समितीचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. त्यांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "पर्यावरणपूरक पर्यटन निवास. हे तुम्ही लिहिलंत?"

"छापलेलंच होतं, सर. मी फक्त नाव भरलं."

मला वाटलं, मागे घ्या म्हणतील. ते म्हणाले, "येऊ देत. पण अर्जासोबत आपलं पान जाईल. आणि पान गेल्या वर्षीचं आहे, मी त्या दिवशी येऊन नवं करतो." गेल्या वर्षीचं म्हणजे फरशीच्या आधीचं.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसं गाडीतून उतरतात, गार वारा खातात. सर बोटीच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मी त्यांच्या मागे मागे. तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "तीन हात रंग दिलेत, खाली गंज तसाच." दुसऱ्यांदा एका बाईने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्यांदा दिघीचा धक्का आला.

समितीत तीन जण होते, दोन पुरुष आणि एक बाई. सभ्य, टोप्या घातलेले. वहिनींनी नवी साडी नेसली होती. पडवीत ठाण्याचं एक कुटुंब पोहे खात बसलं होतं. आजोबा, त्यांचा मुलगा, सून, दोन मुली. वहिनी आतून कोकमाचं सरबत घेऊन आल्या. सरांनी पेला घेतला नाही. ते फरशीकडे बघत होते.

"ही कधी घातली?"

"वरीस झालं," वहिनी म्हणाल्या. "आवडली का?"

सर खाली वाकले. बोटाच्या पेरांनी पहिला खांब वाजवला आणि कान लावला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी कुंडी सरकवली, टेकू बघितला आणि पुढे सरकले. चौथा, पाचवा, थेट आठवा. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून चौथ्या खांबाच्या बुडाशी दाबला. मुठीपर्यंत आत गेला. समितीतल्या बाईंनी हातातला फोन खाली घेतला.

"पाच गेलेत," सर म्हणाले. आवाज वाळू परत पाठवताना असायचा तोच. "ही पडवी आत्तापासून बंद. आधी या मंडळींना अंगणात घ्या."

"सर, आत चला, चहा टाकते," वहिनी म्हणाल्या.

"चहा नंतर. आजोबा, उठा. ताटली राहू द्या."

आजोबा तोंडात घास घेऊन उठले. सुनेने मुलींना दंडाला धरून बाहेर ओढलं. तिने वहिनींकडे ज्या नजरेने बघितलं ते मला अजून दिसतं. कालपर्यंत ती त्यांच्याकडून घावनांची कृती लिहून घेत होती.

"हा भुसा कधीपासून पडतोय?" सरांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघीही बोललो.

"रोज झाडते मी," वहिनी म्हणाल्या. "पावनी उठायच्या आधी. गणपतीपासून."

"मला पंधरा दिवस झाले," मी म्हणाले. "आणि फरशीला हो मीच म्हटलं होतं. फोनवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किती खांब तपासलेत?"

"एक."

"एकच का?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. पिशवीतून फुलस्केप काढला, अंगणातल्या दगडी पाट्यावर ठेवला आणि उभ्याने, वाकून लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं. 'जमीन उंच करू नये, हे मालकिणीला लिहून दिलं नव्हतं. चूक वास्तुकाराची. फरशीला कार्यालयाने परवानगी दिली. खांब कुजल्याचं कार्यालयाला पंधरा दिवस आधी माहीत होतं.'

"कार्यालय नका लिहू," मी म्हणाले. "माझं नाव लिहा."

"पानावर माणसांची नावं नसतात," सर म्हणाले. "नुकसान असतं." आणि तो कागद त्यांनी समितीतल्या बाईंच्या हातात दिला. पुरस्कार अर्थातच गेला. बाईंनी नंतर पत्र पाठवून प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. ते पत्र मी फाईलला लावलं नाही.

ठाण्याचं कुटुंब तासाभरात बॅगा भरून गेलं. पडवीखेरीज खोल्यांत जायला वाटच नव्हती, त्यामुळे सगळंच बंद. पुढचे दोन दिवस मी वहिनींच्या ओट्यावर बसून एकेका पाहुण्याला फोन करत होते आणि गावातल्या दुसऱ्या घरांमध्ये त्यांची सोय लावत होते. वहिनी शेजारी बसून नावं वाचून दाखवायच्या. एका नावाशी थांबल्या. "हे दर नाताळात येतात. आता तिकडं गेली की तिकडचीच झाली." मग पुढचं नाव वाचलं. माझ्यावर त्या चिडलेल्या नव्हत्या, निदान तसं दाखवलं नाही. भुसा आम्ही दोघींनी पाहिला होता. त्याबाबतीत दोघी सारख्याच. राग सरांवर होता.

"खरं बोलायला आंगनच मिळालं का त्यांना?" त्या म्हणाल्या.

अलिबागला परतल्यावर मी हे सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग कुठं बोलायला हवं होतं?"

"स्वयंपाकघरात. त्या चहा टाकते म्हणाल्या तेव्हा."

"तिथं खांब नव्हते," सर म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

दुरुस्तीला नऊ आठवडे लागले. दाऊदचाचांनी आधी सगळं छप्पर टेकूंवर घेतलं, मग खांबांचे कुजलेले पाय कापले. तीन चांगले होते, तेही कापले, कारण आज ना उद्या तेही गेले असते. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर जस्त चढवलेले लोखंडी बूट, त्यात खांब. आमच्या ऑफिसच्या सगळ्या बोलण्याच्या अगदी उलट वस्तू, सरांनीच काढली. दर दोन दिवसांनी ते अलिबागहून यायचे आणि गड्यांबरोबर फरशी उखडायचे. वहिनी त्यांच्याशी बोलत नसत. निरोप चाचांमार्फत चालत.

"चाचा, इचारा त्यांना, जेवणार का."

चाचा दोन फुटांवर उभ्या सरांकडे वळायचे. "साब, जेवणार का विचारतायत."

"त्यांना सांगा, हो."

"हो म्हनतायत. आणि भाभी, मी पन हो."

दिवाळी गेली, नाताळ गेला. समोरच्या घरात गाड्या लागायच्या, रात्रीचा हसण्याखिदळण्याचा आवाज वाडीत यायचा. ती पडवी त्या हंगामात पडली असती का, ते कोणालाच माहीत नाही. चाचा म्हणायचे, पाच वर्षं काढली असती. गडी म्हणायचे, एका जोरदार वाऱ्याचं काम. मी दोन्ही ऐकायची आणि ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं.

काम संपलं त्या दिवशी सरांनी नवं पान लिहून वहिनींकडे दिलं. दोन पानं झाली होती. वहिनींनी चष्मा लावला आणि ओट्यावर बसून सगळं वाचलं, ओठ हलवत. सर उभे. पंधरा मिनिटं तरी गेली असतील.

"सगळं लिवलंत," वहिनी म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी. "सिमेंट लिवलंत, लोखंड लिवलंत, फोडलेली फरशी कुठं टाकलीत ते पन लिवलंत. माझं कुठं हाय?"

"तुमचं काय?"

"पावन्यांपुढं मला चोर केलात. माझ्या घरात मला न इचारता बंद म्हनालात. त्या पोरीनं जाताना माझ्या हातचं पानी घेतलं न्हाय. हे नुकसान न्हाय काय?"

"मी खोटं बोललो नव्हतो," सर म्हणाले.

"खोटं कोन म्हनतंय? लिवा."

सरांनी कागद परत घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दगडाची घनता, पाण्याची खोली न अडखळता लिहिणारा माणूस, त्याला तीन ओळींना एवढा वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. मग त्यांनी वाचून दाखवलं. "खांब कुजल्याचं मालकिणीला आधी एकटीला सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर सांगितलं. त्यामुळे तिचा मान गेला. हे नुकसान भरून काढायचा उपाय माहीत नाही."

वहिनींनी विचार केला. "मान गेला बिला न्हाय," त्या म्हणाल्या. "कमी झाला, असं लिवा."

सरांनी 'गेला' खोडून 'कमी झाला' लिहिलं.

जानेवारीच्या शेवटी खोल्या पुन्हा उघडल्या. लोखंडाचा रंग बघायला मी गेले होते, तेव्हा पहिले पाहुणे येऊन बसले होते. पुण्याचं एक जोडपं. पडवीत पुन्हा माती, सारवलेली. दारापाशी पाय धुवायला दगड आणि बादली. नवरा वाकून खांबाच्या बुडाचे लोखंडी बूट निरखत होता. त्याने वहिनींना विचारलं, "हे नंतर बसवलंत का? कीड लागली होती?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "कीड मागनं लागली," त्या म्हणाल्या. "त्याआधी आमी तिघांनी मिळून कुजवलं. त्यातली एक ही बसलीय, तिला इचारा."